दोन बोटं जास्त

कुलरला गवताच्या नवीन ताट्या बसवल्या की पहिले काही दिवस घरभर ओल्या गवताचा वास भरून राहतो. एप्रिलच्या दुपारी अमरावतीच्या कुठल्याही गल्लीत शिरा, बंद खिडक्यांच्या फटींतून, झोपलेल्या घरांच्या आतून तो वास बाहेर येत असतो. बाहेर ऊन इतकं पांढरं की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा सावली बदलायला उठत नाही. परवा मी मागच्या खोलीचा कुलर लावला. पंप सुरू केला, पाणी ताट्यांवरून झिरपू लागलं, पहिला गार झोत तोंडावर आला, आणि मी पलंगाच्या काठावर तसाच बसून राहिलो. स्वयंपाकघरातून वैशालीनं, माझ्या बायकोनं, आवाज दिला, "काय झालं? लावता लावता झोपले का तिथंच?" झोपलो नव्हतो. पण पुरता जागाही नव्हतो. त्या वासाच्या मागोमाग एक जुना उन्हाळा खोलीत येत होता, आणि तो सगळा आत येईपर्यंत मला उठावंसं वाटेना.

तसे आमच्याकडचे उन्हाळे सगळे सारखेच. गच्चीवर वाळणाऱ्या कुरडया, माठाखालची ओली वाळू, कडुनिंबाच्या मोहोराचा कडवट गोड वास, संध्याकाळी अंगणात पाणी मारलं की जमिनीतून निघणारी वाफ. एकातून दुसरा वेगळा काढता येत नाही. तरी आयुष्यातला एखादा उन्हाळा वेगळा निघतोच. कुणाचा लग्नाचा असतो, कुणाचा आजारपणाचा. माझा कॉम्प्युटरचा आहे. हे सांगितलं तर लोक हसतील. पन्नाशीला टेकलेला आरेखक, सरकारी कचेरीत रस्त्यांचे आणि पुलांचे नकाशे काढणारा माणूस, आणि त्याच्या आठवणीच्या उन्हाळ्यात आंब्याचं झाड नाही, नदी नाही. एक ग्राफिक्स कार्ड आहे.

प्रज्ञा आमची एकुलती एक मुलगी. दहावीनंतर मी तिला अकोल्याला ठेवलं, डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लाससाठी. आमच्याकडे यात नवल नाही. अकोल्याच्या त्या भागात भल्या सकाळी रस्ते मुलांनी भरून जातात. पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली, डोळ्यांत उरलेली झोप. प्रत्येकाच्या मागे मोर्शी, अकोट, हिवरखेड अशा कुठल्या तरी गावातलं एक घर श्वास धरून बसलेलं असतं. आमचं घरही तसंच बसलं होतं. अकरावी, बारावी, आणि पहिल्या वेळी जमलं नाही म्हणून वर आणखी एक वर्ष.

निर्णय माझा होता. वैशाली म्हणाली होती, "तिले एकदा विचारून तं पाहा." मी विचारलं नाही. प्रज्ञाला चित्रं काढायचा नाद. जुन्या लॅपटॉपवर गेम खेळायची आणि खेळता खेळता मधेच थांबून त्यातले डोंगर, घरं, झाडं कागदावर उतरवत बसायची. शेवटच्या वर्षी तो लॅपटॉप मी उचलून भाच्याला देऊन टाकला. दर रविवारी मी बसनं अकोल्याला जायचो. वसतिगृहाच्या फाटकाजवळ सिमेंटचा एक बाक होता. त्यावर बसून तिच्या हातात चिवड्याचा डबा द्यायचो आणि विचारायचो, "टेस्टमधे किती आले?" आज ते सगळे रविवार समोर ठेवून पाहतो, तर त्यांत मी विचारलेला दुसरा प्रश्न सापडत नाही.

मे महिन्यात दुसऱ्यांदा परीक्षा झाली. उत्तरं ताडून पाहिली तेव्हाच समजलं की यंदाही नाही. ती गादी, बादली आणि पुस्तकांची दोन खोकी घेऊन घरी आली. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, भांडेल, एखादं भांडं आपटेल. ती फक्त सभ्य झाली होती. "भाजी कोणती करू?" "कोणतीही चालेल." "गावाला जायचं का दोन दिवस?" "चालेल." एकदा मी, काय बुद्धी झाली कोण जाणे, विचारलं, "आणखी एकदा परीक्षा देऊन पाहतेस का?" ती म्हणाली, "चालेल बाबा."

त्या शेवटच्या 'चालेल'नंतर मी विषय तिथंच सोडला. हीच पोरगी पूर्वी माझ्याशी सायकलच्या सीटच्या रंगावरून दिवसभर भांडायची. आता ती घरात पाहुण्यासारखी राहत होती. ताट उचलून ठेवायची, पंखा बंद करून खोलीबाहेर पडायची. माझ्या ओठांवर माफी रोज यायची आणि रोज परत जायची. कारण पाहुण्याची माफी कशी मागायची ते मला माहीत नव्हतं. तिनं पुन्हा माझ्याशी भांडावं, एवढंच मला त्या उन्हाळ्यात हवं होतं.

बुद्ध पौर्णिमेची दुपार. खिरीचे वाडगे रिकामे झाले होते, वैशाली पदरानं वारा घेत होती. प्रज्ञा वाडग्याच्या तळाशी चमचा फिरवत म्हणाली, "बाबा, मले एक कॉम्प्युटर पाहिजे."

"कशासाठी?"

"गेम खेळाले. अन् मंग ते गेममधले डोंगर कसे बनवतात, ते शिकाले. चांगला पाहिजे. पण महाग नाही पाहिजे."

"चांगला अन् महाग नाही, असं असते का काही?" वैशाली म्हणाली.

"असते. निवडता आलं पाहिजे."

मग तिनं एक आकडा सांगितला. तो कुठून आला म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "शेवटच्या वर्षी माझ्यावर जितका खर्च झाला, त्याच्या अर्धा. त्याच्या वर नाही जायचं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता.

त्यानंतरच्या दुपारी मला आता एखाद्या लांबलचक डुलकीसारख्या आठवतात. पडदे ओढलेले, कुलर घुमतोय, ताट्यांतून गळणाऱ्या पाण्याची टपटप. हिरवट अंधारात आम्ही दोघं पलंगावर मांडी घालून तिच्या फोनमध्ये पाहतोय. ऑफिसातून मी जेवायला घरी यायचो आणि परत जायला उशीर करायचो. प्रज्ञा मला सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज पूर्वीच्या उंचीला पोचायचा. आधी पडदा ठरवायचा, म्हणजे मॉनिटर. किती बारीक चित्र पाहिजे, त्यावर बाकीचं सगळं ठरतं. लोक उलटं करतात, आधी दिसेल ते मोठं घेतात आणि मग ते कशाला घेतलं याचा विचार करतात. प्रोसेसर हा विचार करणारा, ग्राफिक्स कार्ड हे चित्र रंगवणारं. खेळासाठी पैसा रंगवणाऱ्यावर जास्त घालायचा, पण दोघांची चाल जुळली पाहिजे.

"म्हणजे जोडीतला एक बैल दांडगा अन् दुसरा मरतुकडा असला, तं गाडी मरतुकड्याच्याच चालीनं जाते," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसली. "हाव. दांडग्याचा चारा फुकट." अकोल्याहून आल्यापासून ती माझ्यासमोर पहिल्यांदा हसली होती.

मदरबोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय. हे शब्द मला त्या अंधाऱ्या खोलीत दूरदेशच्या नद्यांच्या नावांसारखे वाटायचे. ती ते उच्चारायची आणि मी ऐकत राहायचो. सगळं समजत नव्हतं. समजावं असा आग्रहही नव्हता. खिडकीच्या फटीतून एक उन्हाची रेघ भिंतीवर पडायची आणि हळूहळू कपाटाकडे सरकायची. ती कपाटाला टेकली की मी उठायचो, डोक्याला दुपट्टा गुंडाळायचो आणि उन्हात निघायचो. उन्हात चालतानाही डोक्यात मघाचा गारवा असायचा.

सामान अकोल्याहून घ्यायचं, हे तिनंच ठरवलं. इथं अमरावतीत दुकानं नाहीत असं नाही. "तिथं एक दुकान मले माहीत आहे," एवढंच ती म्हणाली. आम्ही सकाळची बस धरली. बडनेरा मागे पडलं, मूर्तिजापूर आलं, गेलं. दोन्हीकडे नांगरून ठेवलेली काळी रानं, उन्हात तापून जांभळट दिसणारी. पुढच्या डांबरावर पाणी साचल्यासारखं चमकायचं आणि जवळ गेलं की नाहीसं व्हायचं. प्रज्ञा खिडकीशी बसली होती. हाच रस्ता मी दर रविवारी चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन पार केला होता, आणि मला त्यातलं एक झाडही आठवत नव्हतं.

दुकान तिच्या क्लास आणि वसतिगृहाच्या मधल्या रस्त्यावर निघालं. दर्शनी मोठी काच, आत निळा-जांभळा उजेड. दारात ती थांबली. काचेवर तळहात टेकवला. "इथं आत ए.सी. असते," ती म्हणाली. "काच थंडी राहते. क्लास सुटला का मी रोज इथं उभी राहायची. हात लावून. अन् आतले कॉम्प्युटर पाहायची."

"किती वेळ?"

"मेसची घंटा होईपर्यंत."

आत गेलो तर काउंटरमागच्या माणसानं तिला ओळखलं. इम्रानभाई त्यांचं नाव, मेंदी लावलेली दाढी, बोटांत स्क्रू-ड्रायव्हर. "अरे, ये तो अपनी शीशेवाली बेटी है," ते म्हणाले. "आज अंदर कैसे आ गई?" मग माझ्याकडे वळून, "आप इनके पापा? बहुत दिन खडी रही ये बाहर, साहब. मैंने कितनी बार बुलाया. बोलती थी, लेना नहीं है तो अंदर काय को आऊं."

मी हसलो. हसण्यावाचून काय करणार. तीन वर्षं माझी मुलगी रोज कुठं उभी असते हे अकोल्यातल्या एका अनोळखी दुकानदाराला माहीत होतं. मला फक्त मार्क माहीत होते.

पुढचा तासभर प्रज्ञा आणि इम्रानभाई यांची जी झटापट झाली, ती मी एका स्टुलावर बसून पाहिली. ते रंगीत दिव्यांची रॅम दाखवायचे, ती म्हणायची, "दिवे नको. दिव्यानं गेम पळत नाही." ते पाण्यानं गार करणारी नळ्यांची यंत्रणा काढायचे, ती म्हणायची, "नको. हवेचाच मोठा पंखा द्या, धूळ मी झटकीन." प्रोसेसर तिनं सगळ्यात वरचा सोडून त्याच्या खालचा घेतला. "खेळताना दोघांतला फरक दिसत नाही, बिलातच दिसते." मदरबोर्ड मधला घेतला, पुढं रॅम वाढवता येईल एवढा. एकाच वस्तूवर तिनं हात आखडला नाही, पॉवर सप्लायवर. "आमच्याकडं लाइन कधी कमी, कधी जास्त. हा हलका घेतला तं जळताना बाकी सगळं सोबत घेऊन जाईन." कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसतं ती पेटी, लहान, समोरून जाळीची. खिडकीखालच्या तिच्या टेबलाचा कोपरा तिनं घरूनच मोजून आणला होता. ग्राफिक्स कार्डाच्या तीन पायऱ्या समोर ठेवल्या गेल्या. ती मधल्या पायरीवर थांबली.

"साहब, आपकी बेटी मेरा नुकसान करके जाएगी," इम्रानभाई मला म्हणाले.

"नुकसान नाही होत तुमचं," प्रज्ञा म्हणाली. "इतके दिवस काच पुसली मी तुमची."

काही वस्तू मागवाव्या लागणार होत्या. आठवड्यात सगळं एकत्र घरी पाठवायचं ठरलं. आम्ही बाहेर पडलो. रसवंतीच्या सावलीत ती उसाचा रस सांगायला लागली आणि मी म्हणालो, "दुपट्टा राहिला वाटते दुकानात. आलोच." दुपट्टा माझ्या पिशवीत होता.

इम्रानभाईंना मी म्हणालो, सगळ्यात वरच्या पायरीचं कार्ड द्या. ते म्हणाले, "साहब, वो लंबा आता है. कॅबिनेट छोटा है, पहले नाप लो." मी पुरतं ऐकलंसुद्धा नाही. पैसे दिले, पोरीला सांगू नका म्हणालो आणि बाहेर आलो. बाहेर येताना मला किती हलकं वाटलं, ते अजून आठवतं. उन्हातून चालत नसून तरंगत होतो. रसात बर्फ जास्त होता, आलं कमी. मी दोन ग्लास प्यायलो. परतीच्या बसमध्ये प्रज्ञा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती आणि मला वाटत होतं, आता सगळं फिटलं.

तो आठवडा कसा गेला सांगता येत नाही. चोरून काहीतरी चांगलं केलेल्या माणसाचा आठवडा. ऑफिसात पुलाच्या खांबाची मापं टाकताना मधेच हसू यायचं.

खोकी आली. मागच्या खोलीत फरशीवर जुनी चादर अंथरून प्रज्ञानं ती एकेक मांडली. कार्डाच्या खोक्यापाशी तिचा हात थांबला. तिनं सील फोडलं नाही. खोकं उलटं करून मागचं बारीक छापलेलं वाचलं.

"बाबा."

"हं."

"हे आपण सांगितलेलं नाही."

"नाही?"

"हे सगळ्यात वरचं आहे. काहून बदललं?"

मी म्हणालो, "म्हटलं, घेऊनच राहिलो तं असू दे चांगलं. तुझ्यासाठी."

ती उठली. माझ्या टेबलावरची स्टीलची पट्टी आणली. कॅबिनेटच्या आत आडवी धरून माप घेतलं, खोक्यावरच्या लांबीशी ताडून पाहिलं. मी आयुष्यभर मापं घेऊन पोट भरणारा माणूस, मी ती पट्टी उचलली नव्हती. "दोन बोटं जास्त आहे," ती म्हणाली. "बसत नाही."

"मग कॅबिनेट मोठं घेऊ."

"मोठं कॅबिनेट टेबलावर मावत नाही."

"टेबल बदलू."

"टेबल मोठं आणलं तं खिडकी झाकते. मंग खिडकी पाडसान का?" तिचा आवाज चढला होता. दारात वैशाली चहाचे कप घेऊन उभी होती आणि आत येत नव्हती. "अन् याले पॉवर सप्लायही पुरत नाही. एक वस्तू वाढवली का सगळंच वाढवा लागते. मी इतके दिवस काय सांगून राहिली होती तुमाले?"

"प्रज्ञा, माझ्या मनात..."

"तुमच्या मनात काय होतं ते मले समजते. मले गेम खेळाचा आहे बाबा. तुमचं वाईट वाटणं रोज टेबलावर ठेवून मी कशी खेळू? हे नाही चालणार. हे परत जाईन."

खोलीत कुलर तेवढा घुमत होता. माझा चेहरा उतरला असेल. पण सांगायचं तर, त्या घावाखाली कुठंतरी एक गार झुळूकही होती. ती भांडत होती.

"मी जातो उद्या घेऊन," मी म्हणालो.

"नाही. मीच जाईन. एकटी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोकं पिशवीत घालून, चेहऱ्याला स्कार्फ बांधून निघाली. मी रजा टाकली होती, उगाच. दिवसभर मागच्या खोलीत पडून राहिलो. कुलरमधलं पाणी संपलं की पंपाचा आवाज बदलतो, मग उठून नळी लावायची. टाकी भरत होती, नळीचं पाणी खळखळ वाहत होतं, आणि मला मोर्शीकडची आमची संत्र्याची बाग दिसायला लागली.

मृग बहर धरायचा असला की आमच्याकडे उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडतात. पानं वळतात, मलूल होतात, काही गळून पडतात. बघवत नाही. पण त्याशिवाय झाड फुलोऱ्यावर येत नाही म्हणतात. पुढं पाऊस आला तर ठीक, लांबला तर विहिरीचं पाणी द्यायचं. तेही आधी थोडं, बेतानं, आणि काही दिवसांनी भरपूर. कॉलेजात होतो तेव्हा एका वर्षी पाऊस लांबला. वडील लग्नाला परगावी गेले होते, बाग माझ्यावर सोपवून. मला त्या झाडांची दया आली. मी मोटार सुरू केली आणि दिवसभर बंदच केली नाही. आळी भरून वाहिली, वाफ्यांत पाय रुतू लागले. झाडं महिन्याभरात अशी हिरवीगार झाली की मी त्यापूर्वी आमची बाग इतकी देखणी पाहिली नव्हती. कोवळी पालवी उन्हात काचेसारखी चमकायची. फुलं मात्र कुठंतरी एखादं. वडिलांनी एक दिवस बांधावरून चक्कर मारली. रागावले नाहीत. "पाला चांगला आला," म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

तीन वर्षं मी पोरीचं पाणी तोडलं होतं, आणि फूल आलं नाही तेव्हा मोटार सुरू करून दिली होती. दोन्ही वेळा हात एकच होता, आणि दोन्ही वेळा त्या हाताला वाटत होतं की आपण तिच्या भल्याचंच करतोय. मी बराच वेळ असं काहीतरी घोळवत पडलो. मग मनात आलं, पोरगी म्हणजे झाड नव्हे. झाडाला विचारता येत नाही, म्हणून माणूस अंदाजानं पाणी देतो. हिला विचारता येत होतं. टाकी भरून पाणी फरशीवर सांडलं तेव्हा उठलो.

या विचारानं माणूस बदलतो वगैरे मी म्हणणार नाही. आजही प्रज्ञा कॉलेजातून यायला उशीर झाला की माझ्या तोंडात पहिला प्रश्न परीक्षेचाच येतो. ती इथंच, अमरावतीत, ॲनिमेशन शिकते. दुसरं वर्ष संपत आलं. संध्याकाळी येते, दप्तर टाकते, पडद्यावर डोंगर उभे करत बसते. ते डोंगर हळूहळू मेळघाटच्या वळणावर जायला लागलेत, सागाच्या पानगळीसह. मी मागे उभा राहून पाहतो. कधी विचारतो, "हा कोणता घाट?" ती म्हणते, "कोणताच नाही. तुमाले ओळखीचा वाटला का?" वाटतो. हे विचारणं मी शिकतोय, या वयात, नवीन भाषा शिकावी तसं अडखळत.

तर त्या दिवशी ती उन्हं कलताना परत आली. कपाळावर घामाचं मीठ सुकलेलं, स्कार्फ धुळीनं पिवळा. पिशवीतून मधल्या पायरीचं कार्ड काढलं. उरलेले पैसे माझ्या हातात ठेवले.

"इम्रानभाई काय म्हणाले?" मी विचारलं.

"हसत होते. म्हणे, मुझे मालूम था तू आएगी. सील फोडलं नाही म्हून लगेच बदलून देल्लं."

"अन् आणखी कुठं गेली होतीस?"

"वसतिगृहाकडे. बाकावर बसली थोडा वेळ." पाण्याचा अख्खा तांब्या प्यायली. मग पिशवीत पुन्हा हात घालून एक छोटं खोकं बाहेर काढलं. "हे जास्तीचं घेतलं. पण आपल्या आकड्यात बसते. मी थोडी जागा सोडून ठेवली होती."

दोन्ही हातांत धरून खेळायचा कंट्रोलर होता तो.

"तुले तं कीबोर्ड-माउस पुरते म्हणत होतीस," मी म्हणालो.

"मले पुरते. हा तुमचा आहे."

कॉम्प्युटर तिनं स्वतः जोडला. चादरीवर मांडी घालून, एक स्क्रू ओठांत धरून. प्रोसेसर बसवताना तिनं श्वास रोखला आणि शेजारी बसून मीही. कार्ड आत गेलं तेव्हा हलकासा 'टक्' असा आवाज आला, दाराची कडी नीट बसावी तसा. आजूबाजूला बोटभर मोकळी जागा उरली. "इथून हवा जाते," ती म्हणाली. वैशालीनं यंत्राला हळदीकुंकू लावायचं का म्हणून विचारलं आणि दोघी हसत सुटल्या. मी कुलर ओढून यंत्रासमोर आणायला लागलो, एवढ्या उन्हाळ्यात बिचारं तापेल म्हणून, तर ती म्हणाली, "राहू द्या. ओली हवा त्याच्या अंगावर नको. कुलर तुमच्यासाठी आहे."

मग त्या उन्हाळ्याच्या शेवटच्या दुपारी. बाहेर लू वाहतेय, पत्रे तडतडतायत, गल्ली ओस. आत पडदे ओढलेले आणि पडद्यावर बर्फ. आयुष्यात कधी न पाहिलेला बर्फ, देवदारांवर, दगडांवर, आमच्या दोघांच्या खांद्यांवर. मॉनिटर मधोमध दोन भागांत वाटलेला. डावीकडचा माणूस तिचा, उजवीकडचा माझा. माझ्या माणसाच्या तोंडातून वाफ निघत होती आणि माझ्या कानामागून घाम ओघळत होता. मी त्याला नुसता पळवत होतो. झाडांवर आदळत, खड्ड्यांत पडत, पुन्हा उठवत.

"काहून पळून राह्यले बाबा? मागं कोणीच नाही आहे."

"सवय आहे."

"चालत चला. मी बाजूलेच आहो."

मी चालू लागलो. आमच्या दोघांच्या पावलांचे ठसे बर्फात शेजारी शेजारी उमटत होते. कुलरच्या ताट्यांतून पाणी गळत होतं. खोलीत आणि त्या रानात सारखीच शांतता होती, आणि त्या शांततेत, तिच्याकडे न पाहता, मला विचारता आलं.

"प्रज्ञा, तुले माझा राग आहे का?"

तिनं पडद्यावरून नजर काढली नाही. तिचा माणूसही थांबला नाही.

"आहे," ती म्हणाली.

थोडं अंतर आम्ही तसेच चाललो.

"डाव्या हाताले वळा बाबा. समोर दरी आहे, पडसान."

मी डावीकडे वळलो.